लोणारचा काळ आणि सिंदखेडराजाचा काळ

(बुलढाणा येथील स्मृती-व्याख्यानमालेतलं व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते रसायनशास्त्र शिकवत. म्हणून विषय रसायनाच्या जवळपासचा असावा, एवढी एकच अट संयोजकांनी मला घातली. मी निवडलेला विषय वरवर भौतिकशास्त्राचा वाटतो, पण त्यातलं सगळ्यात चिवट काम रसायनशास्त्रज्ञाच्याच वाट्याला येतं. अणुभट्टीतून निघणारा कचरा लाखो वर्षं घातक राहतो. त्या कचऱ्यातली मूलद्रव्यंच बदलून टाकली, तर त्याचा धोका कमी होईल का? एका मूलद्रव्याचं दुसऱ्या मूलद्रव्यात रूपांतर, म्हणजे मूलद्रव्यांतर. विज्ञानाच्या पुस्तकात त्याला ट्रान्सम्यूटेशन म्हणतात. आज त्याविषयी बोलायचं आहे.

बुलढाणा जिल्ह्यात अणुभट्टी नाही. ट्रॉम्बे आणि तारापूर दोन्ही इथून शेकडो किलोमीटर लांब. मग हा विषय बुलढाण्यात कशाला, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर आहे: लोणार. ‘लाखो वर्षं’ हे शब्द आपण सहज बोलून जातो, पण त्यांचा अंदाज कुणालाच नसतो. तुमच्या जिल्ह्यात तो अंदाज डोळ्यांनी घेता येतो.

लोणारचं विवर पावणेदोन किलोमीटरहून थोडं अधिक रुंद आहे आणि ते उल्कापातानं झालं, हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. ते किती जुनं, यावर मात्र बरीच वर्षं वाद होता. पन्नास-बावन्न हजार वर्षं हा आकडा अनेक पुस्तकांत छापला गेला आणि अजूनही ऐकू येतो. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठाचे फ्रेड जूर्दां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोणारच्या वितळून थिजलेल्या खडकाचं वय मोजलं. ते निघालं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं, चाळीस-पन्नास हजार इकडे-तिकडे. म्हणजे आधीच्या आकड्याच्या दहापट.

हे वय मोजलं कसं? इथेच आपला विषय सुरू होतो. खडकात पोटॅशियम असतं. त्यातला अगदी थोडा भाग, शेकडा ०.०१२ इतकाच, पोटॅशियम-४० या किरणोत्सारी समस्थानिकाचा असतो. तो हळूहळू आपोआप बदलतो. बहुतेक अणूंचं कॅल्शियम होतं, दहातल्या एकाहून थोड्या अधिकांचा आर्गॉन वायू होतो. उल्का आदळली तेव्हा इथला बेसाल्ट वितळला आणि तोवर साठलेला आर्गॉन निघून गेला. खडक थिजल्यानंतर नवा आर्गॉन साठायला लागला. तो किती साठला हे मोजायचं आणि वय काढायचं. लोणारचं वय आपल्याला कळलं ते मूलद्रव्यांतरामुळे. निसर्गानं ते काम कुणाला न विचारता चालू ठेवलं होतं म्हणून.

आणि ते फक्त लोणारच्या दगडात चालत नाही. माणसाच्या शरीरात साधारण १४० ग्रॅम पोटॅशियम असतं. त्यामुळे या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या अंगात दर सेकंदाला चार हजारांवर पोटॅशियमचे अणू कॅल्शियम किंवा आर्गॉन होत आहेत. घाबरू नका, आपले पूर्वजही असेच होते.

मूलद्रव्यं अशी आपोआप बदलतात, हे पहिल्यांदा ध्यानात आलं १९०१ च्या सुमाराला, कॅनडातल्या माँट्रियलच्या मॅक्गिल विद्यापीठात. अर्नेस्ट रदरफोर्ड आणि फ्रेडरिक सॉडी थोरियमवर काम करत होते. थोरियममधून एक वायू निघतो आणि तो थोरियम नसून वेगळंच मूलद्रव्य आहे, हे सॉडींनी ओळखलं. सॉडी रसायनशास्त्रज्ञ होते, हे गुरुजींना आवडलं असतं. सॉडींना आनंद आवरेना, पण रदरफोर्डनी त्यांना दटावलं, की मूलद्रव्यांतर हा शब्द उघडपणे वापरू नकोस, लोक आपल्याला किमयागार म्हणून फाडून खातील. परीस आणि किमया यांची बदनामी इतकी झाली होती की खरी किमया सापडल्यावरही शास्त्रज्ञांना ती दबकत सांगावी लागली. पुढे १९१९ मध्ये त्याच रदरफोर्डनी अल्फा कणांच्या माऱ्यानं नायट्रोजनच्या अणूतून हायड्रोजनचं केंद्रक बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं; त्यात नायट्रोजनचा ऑक्सिजन होतो, हे नंतर स्पष्ट झालं. माणसानं मुद्दाम घडवलेलं हे पहिलं मूलद्रव्यांतर.

सोन्याचं काय झालं, असं तुमच्या मनात आलंच असेल. सोनंही झालं. १९८० साली ग्लेन सीबॉर्ग यांच्या गटानं बर्कली इथे बिस्मथचं सोनं केलं. अलीकडे जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत शिशाची अणुकेंद्रकं एकमेकांच्या अगदी जवळून जातात तेव्हा सोनं तयार होतं असं मोजलं गेलं. २०१५ ते २०१८ या काळात तिथे सोन्याची सुमारे ८६०० कोटी अणुकेंद्रकं झाली. त्या सगळ्यांचं वजन २९ पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाचे एकोणतीस भाग, आणि तीही क्षणभरही टिकली नाहीत. खामगावच्या चांदीवाल्यांनी निर्धास्त असावं.

मूलद्रव्यांतराचा रोजच्या व्यवहारातला उपयोग मात्र आपल्या राज्यातच दिसतो. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावला २००२ पासून कांद्यावर किरणांचा मारा करण्याचं केंद्र आहे. त्या माऱ्यानं कांद्याला कोंब फुटत नाहीत. तिथे वापरलं जाणारं कोबाल्ट-६० निसर्गात मिळत नाही. साधं कोबाल्ट अणुभट्टीत ठेवतात, त्याचं अणुकेंद्रक एक न्यूट्रॉन गिळतं आणि कोबाल्ट-६० होतं. मग सव्वापाच वर्षांच्या अर्धायुष्यानं, म्हणजे दर सव्वापाच वर्षांनी निम्मं उरत, किरणं सोडत सोडत त्याचं निकेल होतं, जे अगदी निरुपद्रवी आहे. बुलढाण्याच्या शेतकऱ्याला ट्रॉम्बेची ओळख वेगळ्या वाटेनं आहे. उडदाचं टीएयू-१ हे वाण ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून १९८५ साली दिलं. त्यात किरणांनी बदल घडवलेल्या वाणाचा संकर आहे. पण तिथे बदलली ती जनुकं, मूलद्रव्य नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत पुष्कळ जण करतात, म्हणून सांगितलं. किरणं दिलेला कांदा किरणोत्सारी होत नाही आणि टीएयू-१ चा उडीद तर मुळीच नाही.

आता कचऱ्याकडे येऊ. हा कचराही मूलद्रव्यांतरातूनच निर्माण होतो. भट्टीत युरेनियम-२३५ फुटतं आणि त्याचे दोन लहान तुकडे होतात. हे तुकडे म्हणजे सीझियम, स्ट्रॉन्शियम, आयोडीन, टेक्नेशियम वगैरे. त्याच वेळी न फुटणारं युरेनियम-२३८ न्यूट्रॉन गिळतं, काही दिवसांत त्याचं नेपच्यूनियम आणि मग प्लुटोनियम होतं. प्लुटोनियमनं आणखी न्यूट्रॉन गिळले की पुढे अमेरिशियम, क्युरियम. युरेनियमहून जड असणारी ही मंडळी निसर्गात जवळजवळ नसतात. माणसानं ती ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत भरपूर तयार केली.

साध्या पाण्याच्या मोठ्या भट्टीतलं वापरलेलं इंधन बाहेर काढलं तर त्यात शेकडा पंच्याण्णवच्या आसपास युरेनियमच असतं. एक टक्का प्लुटोनियम, तीन-चार टक्के फुटलेले तुकडे, आणि नेपच्यूनियम-अमेरिशियम-क्युरियम या तिघांचा वाटा टक्क्याचा दहावा भाग. हजार मेगावॅटच्या भट्टीतून वर्षाला वीस ते तीस टन असं इंधन निघतं आणि त्यात हा दहावा भाग पंचवीस किलोच्या आसपास भरतो. सगळा वाद या पंचवीस किलोंभोवती आहे.

काळाचा हिशेब असा. सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांचं अर्धायुष्य तीस वर्षांच्या आसपास. अमेरिशियम-२४१ चं ४३२ वर्षं. प्लुटोनियम-२३९ चं २४,१०० वर्षं. टेक्नेशियम-९९ चं २ लाख ११ हजार. नेपच्यूनियम-२३७ चं २१ लाख ४० हजार. आयोडीन-१२९ चं १ कोटी ५७ लाख वर्षं. वापरलेलं इंधन जसंच्या तसं ठेवलं, तर ज्या खनिजातून ते युरेनियम काढलं त्या खनिजाइतकं सौम्य व्हायला त्याला अंदाजे दोन ते तीन लाख वर्षं लागतात.

दोन-तीन लाख वर्षांपूर्वी लोणारचं विवर होतंच, ते तेव्हाही लाखो वर्षं जुनं होतं. पण आजच्यासारखा माणूस पृथ्वीवर नुकता कुठे दिसू लागला होता. अमेरिकेनं नेव्हाडातल्या युका डोंगरात कचरा पुरायचं ठरवलं आणि त्यासाठी पुढे दहा लाख वर्षांपर्यंतच्या सुरक्षिततेचा निकष लावला. तो प्रकल्प पुढे राजकारणात अडकला आणि निधी थांबला. फिनलंडनं ओल्किलुओटो इथे चारशेहून अधिक मीटर खोल खडकात कायमचं भांडार बांधलं. ते काम मला आवडतं, कारण तिथल्या लोकांनी निदान निर्णय तरी घेतला. पण एवढ्या लांबच्या काळासाठी ‘इथे खणू नका’ असं कोणत्या भाषेत लिहायचं, हा प्रश्न त्यांनाही सुटलेला नाही.

आता दुसरा हिशेब. समजा त्या इंधनातलं प्लुटोनियम आणि ती तीन जड मूलद्रव्यं शेकडा ९९.९ इतकी वेगळी काढली आणि भट्टीत जाळून टाकली. मग उरलेल्या कचऱ्यात मुख्यतः सीझियम आणि स्ट्रॉन्शियम राहतं. तीनशे वर्षांत त्यांची दहा अर्धायुष्यं होतात, म्हणजे हजारावा भाग उरतो. दोन-तीन लाख वर्षांचा हिशेब सुमारे तीनशे वर्षांवर येतो.

मूलद्रव्यांतराचं सगळं महत्त्व या एका वाक्यात आहे, असं माझं मत आहे. ते कचरा नाहीसा करत नाही. ते कचऱ्याला लोणारच्या काळातून सिंदखेडराजाच्या काळात आणतं.

सिंदखेडराजाला जिजाऊंचा जन्म १५९८ चा. सव्वाचारशे वर्षं झाली. लखुजीराजे जाधवांचा वाडा अजून उभा आहे आणि दर १२ जानेवारीला तिथे लोटणारी गर्दी तुम्ही पाहता. तीनशे-चारशे वर्षं म्हणजे दगडी बांधकाम टिकण्याचा काळ, घराण्यांच्या आठवणी टिकण्याचा काळ, सातबाऱ्यासारखे कागद सांभाळता येण्याचा काळ. माणसाच्या आवाक्यातला काळ. कचऱ्याच्या भांडारावर पहारा ठेवायचा तर तो याच मुदतीत शक्य आहे.

पण याच सिंदखेडराजानं आपल्याला एक चिमटाही काढला आहे. जून २०२४ मध्ये लखुजीराजांच्या समाधीच्या परिसरात पुरातत्त्व खात्याच्या खोदकामात सात-आठ फूट खाली शेषशायी विष्णूची मोठी, देखणी मूर्ती निघाली. जिथे सतत माणसांची ये-जा आहे, जिथला इतिहास शाळेत शिकवला जातो, तिथे पायाखाली काय आहे हे काही शतकांतच सगळे विसरून गेले होते. तेव्हा तीनशे वर्षं म्हणजे आपोआप पार पडणारी मुदत नव्हे. फरक एवढाच की तीनशे वर्षांसाठी निदान योजना आखता येते. तीन लाख वर्षांसाठीची योजना कागदावरच राहते.

कचऱ्याचं हे मूलद्रव्यांतर प्रत्यक्षात करायचं कसं?

पहिलं काम वेगळं काढण्याचं, आणि इथे रसायनशास्त्र येतं. भारतानं सुरुवातीपासून वापरलेल्या इंधनाला कचरा मानलं नाही. ट्रॉम्बेला होमी सेठना यांच्या देखरेखीखाली १९६० च्या दशकाच्या मध्याला प्लुटोनियम वेगळं काढणारा कारखाना उभा राहिला. त्यात सगळं काम जाड भिंतींच्या आड चालतं. इंधन तीव्र नायट्रिक आम्लात विरघळवायचं, सेंद्रिय द्रावकाशी ते घुसळायचं, युरेनियम-प्लुटोनियम द्रावकात ओढून घ्यायचं. उरतं ते अतितीव्र किरणोत्सारी आम्ल. तारापूरला हे आम्ल काचेत मिसळून, काच वितळवून पोलादी डब्यांत भरतात आणि ते डबे हवेशीर तळघरांत थंड होत ठेवतात. अणुवीज म्हटली की लोकांना भट्टीचा घुमट आठवतो. त्यामागे आम्लाच्या टाक्या, झडपा, यांत्रिक हात आणि काचेच्या भट्ट्या यांची वर्षानुवर्षं चालणारी नोकरी असते, आणि तिथल्या माणसांची नावं कुणाला माहीत नसतात.

जड मूलद्रव्यांचा गुंता पुढचा आहे. अमेरिशियम आणि क्युरियम हे रासायनिक स्वभावानं फुटलेल्या तुकड्यांमधल्या दुर्मिळ मृदा धातूंसारखेच असतात, युरोपियम, निओडिमियम वगैरेंसारखे. दोघांनाही आम्लात तीन धनभार असतात, आकारही जवळपास सारखा. आणि त्या दुर्मिळ मृदा धातूंचं प्रमाण कितीतरी जास्त. ते तसेच सोबत गेले तर भट्टीतले न्यूट्रॉन खाऊन टाकतात. म्हणून शुद्धता हवी, आणि तीही अशा द्रावणात की जे स्वतःच्या किरणांनी द्रावकालाच मोडत असतं. तारापूरला २०१३ साली अशा विभाजनाचं प्रात्यक्षिक संयंत्र सुरू झालं, तेही खऱ्या कचऱ्यावर. ही बातमी मराठी वर्तमानपत्रांत जेवढी गाजायला हवी होती तेवढी गाजली नाही.

वेगळं काढण्याचे जवळचे फायदेही आहेत. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी कचऱ्यातलं सीझियम-१३७ काढून त्याच्या काचेच्या पेन्सिली केल्या. रक्तपेढीत रक्त देण्याआधी त्यावर या किरणांचा मारा केला तर दात्याच्या पांढऱ्या पेशी अशक्त रुग्णाच्या शरीरावर उलटत नाहीत. रुथेनियम-१०६ च्या चकत्या डोळ्याच्या कर्करोगावर वापरल्या जातात. ज्याला आपण घातक म्हणतो ते योग्य जागी ठेवलं की औषध होतं, हे गुरुजींच्या विषयातलं जुनंच सूत्र.

दुसरं काम न्यूट्रॉनचा मारा करण्याचं. काही ठिकाणी हे फार सुंदर चालतं. टेक्नेशियम-९९ नं एक न्यूट्रॉन गिळला की ते टेक्नेशियम-१०० होतं, आणि पंधरा-सोळा सेकंदांच्या अर्धायुष्यानं त्याचं स्थिर रुथेनियम होतं. दोन लाख वर्षांचं घातक द्रव्य जाऊन त्या जागी प्लॅटिनमच्या कुळातला एक मौल्यवान धातू. आयोडीन-१२९ चं तसंच: बारा-साडेबारा तासांचा एक टप्पा आणि मग झेनॉन वायू. १९९० च्या दशकात नेदरलंड्समधल्या पेटनच्या भट्टीत टेक्नेशियमचा काही टक्के भाग असा बदलून दाखवला गेला. काही टक्केच, हे लक्षात ठेवा. न्यूट्रॉन मोजके, भूक मोठी.

सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांच्यावर मात्र हा उपाय चालत नाही. ते न्यूट्रॉन गिळायलाच तयार नसतात. मारा करून बदलायला जितका वेळ लागेल त्यापेक्षा ते आपणहून लवकर निवतील. शिवाय सीझियममध्ये स्थिर सीझियमही मिसळलेलं असतं, आणि त्यानं न्यूट्रॉन गिळला तर नवीनच किरणोत्सारी सीझियम होतं. म्हणून त्या दोघांना तीनशे वर्षं सांभाळायचं, दुसरा मार्ग नाही.

अमेरिशियम, क्युरियम, नेपच्यूनियम यांना नुसतं बदलून भागत नाही, फोडावं लागतं. मंद न्यूट्रॉनच्या भट्टीत, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक भट्ट्यांत, अमेरिशियम न्यूट्रॉन गिळून आणखी जड होत जातं. रोग बरा व्हायच्या ऐवजी बळावतो. वेगवान न्यूट्रॉन असले तर फुटण्याची शक्यता वाढते. त्यासाठी सोडियम धातूनं थंड होणाऱ्या शीघ्र भट्ट्या लागतात. कल्पाक्कमला १९८५ पासून अशी छोटी प्रायोगिक भट्टी आहे. ५०० मेगावॅटच्या मोठ्या भट्टीचं बांधकाम २००४ मध्ये सुरू झालं आणि तिचा गाभा भरायला सुरुवात व्हायला मार्च २०२४ उजाडला. ही दिरंगाई फक्त आपलीच नाही. फ्रान्सनं सुपरफेनिक्स ही शीघ्र भट्टी १९९७ मध्ये बंद करायचं ठरवलं आणि पुढची योजना २०१९ मध्ये गुंडाळली. जपानच्या मोंजूमध्ये १९९५ ला सोडियम गळला, मग ती भट्टी कधी नीट चाललीच नाही. सोडियम पाण्याला भेटला की पेट घेतो. हे शाळेतल्या प्रयोगशाळेतही दाखवतात.

शीघ्र भट्टीखेरीज दुसरी वाट त्वरकाची, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राची. सर्नचे नोबेल विजेते कार्लो रुबिया यांनी १९९३ मध्ये ती मांडली. भट्टीत इंधन मुद्दाम थोडं कमी ठेवायचं, इतकं की साखळी प्रक्रिया स्वतःच्या बळावर चालू राहणार नाही. मग त्वरकातून वेगवान प्रोटॉन शिशावर आदळवायचे. प्रत्येक प्रोटॉनमागे वीस-पंचवीस न्यूट्रॉन उडतात आणि ते भट्टी चालवतात. ओली लाकडं असलेल्या चुलीसारखं हे आहे: फुंकणी चालू असेतोवर जाळ, फुंकणं थांबलं की चूल विझली. म्हणूनच भरपूर अमेरिशियम भरलेलं इंधनही तिथे बेलगाम होत नाही. स्वित्झर्लंडमध्ये २००६ साली द्रवरूप शिसे-बिस्मथचं लक्ष्य काही महिने मेगावॅटच्या घरातल्या प्रोटॉन झोतानं चालवून दाखवलं. बेल्जियममधल्या मोल इथे मिर्हा या नावानं अशी भट्टी उभी करायची योजना आहे. ट्रॉम्बेत ब्रह्मा नावाची एक छोटी न पेटणारी रचना आणि लेहिपा नावाचा त्वरक आहे. लेहिपा २० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा. हवा आहे साधारण हजार दशलक्षचा. म्हणजे आपण वाटेच्या पन्नासाव्या भागावर आहोत. ज्यांना उद्याच भारतात कचरा जाळणारी भट्टी येणार असं वाटतं त्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

इथे मला विरोधकांची बाजूही मांडली पाहिजे, कारण ती हलकी नाही. जैतापूरच्या अणुप्रकल्पाच्या वादात कचऱ्याचा प्रश्न विचारणारे सगळे अडाणी नव्हते. पहिला आक्षेप असा, की क्युरियमचं इंधन करायचं तर ते न्यूट्रॉन सोडत असतं, त्यामुळे आजच्या कामगाराला जास्त किरणं सोसावी लागतील. एक लाख वर्षांनंतरच्या अज्ञात माणसाला वाचवायला आजच्या तारापूरच्या तंत्रज्ञावर भार टाकायचा का? दुसरा आक्षेप मला अधिक पटतो. आफ्रिकेतल्या गॅबॉनमध्ये ओक्लो इथे दोनशे कोटी वर्षांपूर्वी निसर्गातच युरेनियमची भट्टी पेटली होती. हे १९७२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं. तिथलं प्लुटोनियम खडकात जवळजवळ जागचं हललं नव्हतं. जड मूलद्रव्यं मातीला धरून बसतात. पाण्याबरोबर पळतं ते आयोडीन आणि टेक्नेशियम. म्हणजे ज्यांना जाळण्यावर सगळा पैसा जातो ते कमी पळतात, आणि जे पळतात त्यांना जाळणं अवघड.

हा आक्षेप खरा आहे. तरी माझा कौल मूलद्रव्यांतराच्या बाजूनं आहे. प्लुटोनियम पुरून ठेवलं की ते बॉम्बसाठी उकरता येतं, आणि जितकी वर्षं जातील तितकं ते हाताळायला सोपं होतं, कारण भोवतीचं सीझियम निवत जातं. ते भट्टीत जाळलं तर वीज मिळते आणि बॉम्बसाठीची ही खाणही बंद होते. युरेनियम कमी असलेल्या देशाला हे परवडतं.

पण एक गोष्ट फार थोडे लोक बोलतात, आणि मी मुख्यतः तीच सांगायला आलो आहे. काच एकदा झाली की झाली. काचेत बंद केलेलं अमेरिशियम परत काढणं व्यवहारात शक्य नाही. ते काढायचं असेल तर काच करण्याआधी. १९८० च्या दशकापासून ज्या काचेत जड मूलद्रव्यं तशीच बंद झाली, ती काच लोणारच्या काळात गेली. ती खोल खडकातच जाणार. पुढची काच कुठल्या काळात जाणार, हे आज ठरतं आहे. मोठा त्वरक यायला आणखी तीस-चाळीस वर्षं लागली तरी चालेल. अमेरिशियम वेगळं काढून तेवढा काळ ठेवता येतं. पण वेगळं न काढताच काच ओतत राहिलो, तर उद्या त्वरक आला तरी त्याच्यापुढे ठेवायला काहीच उरणार नाही. म्हणून खर्च करायचाच असेल तर आधी विभाजनावर, मग त्वरकावर. वृत्तपत्रांत मात्र उलटं दिसतं, कारण त्वरकाचा फोटो चांगला येतो.

या सभागृहात मागच्या रांगांत बारावीचे आणि बी.एस्सी.चे विद्यार्थी दिसतात. रसायनशास्त्र घेतलं म्हणून फार्मसीशिवाय दुसरी वाट नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर ऐकू नका. ट्रॉम्बेत १९५७ पासून भाभा केंद्राचं प्रशिक्षण विद्यालय आहे. अभियंत्यांना आणि विज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तिथे परीक्षा देऊन प्रवेश मिळतो, शिकताना विद्यावेतन मिळतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याहून मुलं तिथे गेलेली आहेत. दुर्मिळ मृदा धातूंपासून अमेरिशियम वेगळं करणारा अधिक चांगला द्रावक अजून जगाला हवा आहे. तो शोधायला प्रवेश-अर्ज भरा. आणि बाकीच्यांनी, पुढच्या वेळी कुणी मंत्री किंवा अधिकारी अणुप्रकल्पाची भलावण करायला आला, तर ‘कचऱ्याचं काय?’ एवढ्यावर थांबू नका. विचारा: काच करण्याआधी जड मूलद्रव्यं काढली का, आणि किती टक्के?